अकरा दिवसांची एकतीस मार्च

३१ मार्च १९८६. ऑफिसातून आले, पदर खोचला आणि कुलर काढला. जुन्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या उपसायच्या, टाकी घासायची, नव्या ताट्या बसवायच्या. नागपुरात हे काम एप्रिलच्या तोंडावर झालं नाही तर घरातली माणसं पुढे एकमेकांशी धड बोलत नाहीत. नवरा खिळे हातात धरून उभा होता आणि अधूनमधून सल्ले देत होता. माझं लक्ष मात्र ताट्यांत नव्हतं. निघताना साहेबांनी मला दारात गाठून हळूच सांगितलं होतं की उद्या सकाळीही मशीनला आजचीच तारीख सांगा. ते ऐकल्यापासून आमचे ऑपरेटरभाऊ डोळ्यांपुढून हलत नव्हते.

आज तारीख कोणती, हे साऱ्या विदर्भात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते म्हणजे ऑपरेटरभाऊ. बाकी आपण सगळे अंदाजानं जगतो. आपण ‘सात-आठ तारखेला बघू’ म्हणतो. भाऊ विचारायचे, सातला की आठला. वाण्यानं पोहे वर्तमानपत्रात बांधून दिले तर ते आधी कागदावरची तारीख बघत आणि मग पोहे. त्यांच्या घरी भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. ते पान सकाळी तोंडात ब्रश धरून भाऊच फाडणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चार दिवस कुहीकडे गावी गेले तर कॅलेंडर चार दिवस तिथंच थांबायचं. परत आले की चारही पानं एकेक वाचून फाडायचे. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “पावणे घरी येतात अन् इचारतात, तुमच्याकडे अजून मंगळवारच काहून हाय वं?”

याचं मूळ होतं शाळेत. धान रोवणाऱ्या घरातला मुलगा, जन्माची नोंद कुणी केलेली नाही. आई म्हणे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. मास्तरांना पोळा कळला, पण वर्ष कळेना. त्यांनी वर्गातल्या अर्ध्या पोरांना लावली तीच तारीख यांनाही लावली, एक जुलै. भाऊंनी मास्तरांना मरेपर्यंत माफ केलं नाही आणि मास्तर मेल्यावरही केलं नाही. एक जुलैला ऑफिसात कुणी ‘हॅपी बर्थडे’ म्हटलं तर ते शांतपणे सांगत, “मास्तरचा असन. माहा नाही.”

थोरल्या मुलीचं लग्न विहारात होतं. पत्रिकेवर सकाळी अकरा छापलं होतं. त्यांच्यात मुहूर्त नसतो, पण भाऊंचे अकरा म्हणजे मुहूर्ताहून कडक. नागपूरच्या रिवाजाप्रमाणे आम्ही ऑफिसचे लोक सव्वाबाराला पोहोचलो. वंदना झाली होती, हार झाले होते, पंगत उठत होती आणि नवरी मुलगी हात धूत होती. भाऊ दारात आमचं स्वागत करत म्हणाले, “या जी. तुमचं बारा वाजताचं लग्न कोठं हाय, ते मले माहीत नाही. माह्या पोरीचं अकराले झालं.” वरण संपलं होतं. मी भात आणि बुंदी खाऊन आले.

आता मशीनचं सांगते. आमचं खातं सरकारी आणि मशीन म्हणजे कॉम्प्युटर, दोन गोदरेजची कपाटं एकमेकांना चिकटून उभी असावीत एवढा. चपला बाहेर काढून आत जायचं. भाऊ मशीन चालवायचे, आणि शेजारच्या खोलीत माझ्या हाताखालच्या मुली दिवसभर तिच्यासाठी आकडे टाइप करायच्या. मशीन रात्री बंद केली की बाकी सगळं टेपवर राहायचं, पण तारीख ती विसरायची. सकाळी बटण दाबलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, आज तारीख काय. आपण सांगू ती तारीख ती दिवसभर खरी मानायची, बिलांवर तीच छापायची. महिना बदलला की मागच्या महिन्याचा एक आलेख ती आपणहून काढून द्यायची. एकेका तारखेला एक ओळ, आणि त्या तारखेला मशीन जितके तास राबली तितके तारे. हा कागद मुंबईला जायचा. त्यावरून तिथले लोक ठरवायचे की कोणती मशीन कामाची आणि कोणती नुसती एसीची हवा खाते.

मार्चअखेर सरकारी ऑफिसात काय असते, ते नोकरी केलेल्याला सांगायला नको. एकतीस मार्च उजाडते, पण मावळत नाही. बिलं जुन्या वर्षात बसवायची असतात आणि ती एका दिवसात बसत नाहीत. आधी हे काम हातानं व्हायचं, तेव्हा कागदावर कोणतीही तारीख टाकता यायची. गेल्या वर्षी बिलं पहिल्यांदा मशीनवर आली. साहेबांनी भाऊंना तोंडी सांगितलं की सांगेपर्यंत रोज सकाळी मशीनला एकतीस मार्चच सांगा.

भाऊंना हे सांगणं म्हणजे एखाद्या माळकऱ्याच्या ताटात तळलेला मासा वाढणं. ते म्हणाले, “लेखी द्या.” साहेब म्हणाले, “अरे यार, ऐसी बातें लेखी नसतात.” भाऊ रोज सकाळी आत जायचे, एका बोटानं एकतीस मार्च टाकायचे आणि तडक नळावर जाऊन साबणानं हात धुवायचे, कोपरापर्यंत. माझ्या मुली दारात उभ्या राहून बघायच्या. असे अकरा दिवस गेले. मग बिलं संपली. बारा तारखेला मशीनला बारा एप्रिल सांगितलं तेव्हा भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला.

मे महिन्यात मुंबईहून पत्र आलं. नागपूरच्या एप्रिलच्या आलेखात पहिल्या अकरा ओळी कोऱ्या आहेत. इतके दिवस मशीन बंद होती, म्हणजे नागपूरला तिची गरज दिसत नाही. पुणे ऑफिस मशीन मागतच आहे, तेव्हा ही पुण्याला का हलवू नये, हे बघायला अधिकारी येत आहेत. ज्या दिवसांत माझ्या मुलींनी डबे खायलासुद्धा मान वर केली नव्हती, तेच नेमके कोरे. मशीन गेली की आकडे टाइप करणारा आमचा पंचिंग सेक्शन गेला, आणि सेक्शन गेला की मुलींच्या बदल्या गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत. नागपूरचं जे काही जरा बरं असतं ते उचलून तिकडे न्यायचं, ही सवय जुनीच. या वेळी मात्र मला संताप आला.

कंपनीचा इंजिनिअर बोलावला. नागपूरच्या मे महिन्यात तो टाय लावून आला, यावरूनच मी ओळखलं होतं की याच्या हातून काही होणार नाही. त्यानं प्रिंटर उघडला, रिबन बदलली, टेप पुसल्या. मग नागपूरच्या व्होल्टेजला दोष दिला. मग अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतायला लावलं. शेवटी माझ्या खोलीतल्या कुलरची ओल भिंतीतून मशीनला बाधते असं सांगून त्यानं कुलर बंद करवला. मुली घामानं निथळत बसल्या आणि कोऱ्या ओळींत तारे काही आले नाहीत. भाऊंचं निदान वेगळंच होतं. ते म्हणत मशीन रुसली हाय, अकरा दिवस खोटं ऐकून घेतलं तिनं, आता ती सांगत नाही. हेही काही कामाचं नव्हतं.

साहेबांनी दुसरा उपाय काढला. एप्रिलचा नवा कागद छापायचा, कोऱ्या ओळींत अंदाजानं तारे भरायचे, आणि पहिला कागद चुकून गेला म्हणायचं. मला तो पटला. मी भाऊंना म्हटलं की मशीन चाललीच होती, मग तारे टाकले तर त्यात खोटं काय, कुणाचं काय जातं.

भाऊंनी आधी मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, “बाई, तिनं काम केलं हाय. खरं केलं हाय. तिच्या खऱ्या कामाचे आपण खोटे तारे काहून काढायचे?”

मी चिडून घरी गेले. त्या दिवशी गच्चीवर कुरड्या वाळत होत्या. मशीनच्या खराब झालेल्या कागदांवर आमच्या सेक्शनचा हक्क असतो. मुली त्याची पोरांच्या वह्यांना कव्हरं घालतात, मी कोरी बाजू वर करून कुरड्या घालते. एवढा लांबरुंद कागद बाजारात मिळत नाही. ऊन उतरल्यावर कुरड्या सोडवल्या आणि कागद झटकायला उलटा केला, तर खाली सगळे तारेच तारे. कागदावर मार्च लिहिलेलं होतं. तीस ओळी नीट, आठ-दहा ताऱ्यांच्या. एकतिसावी ओळ मात्र कागदाच्या कडेपर्यंत गेलेली, तिथून परत सुरू झालेली आणि पुन्हा पुढे गेलेली. प्रिंटरवरच्या माणसाला वाटलं असणार की ताऱ्याची कळ अडकली. त्यानं तो रद्दीत टाकला आणि मार्चचा कागद बिघडला असं मुंबईला कळवून ऑफिस मोकळं झालं.

मी तिथंच गच्चीवर बसले. घरात चार डबे रिकामे आणि एक डबा झाकण लागणार नाही इतका भरलेला असेल, तर धान्य कुठं गेलं हे बाईला विचारावं लागत नाही. मशीननं कुठलाच दिवस गमावला नव्हता. आपण तिला रोज एकतीस मार्च सांगितली, तिनं रोजचं काम इमानेइतबारे एकतीस मार्चच्या ओळीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद भाऊंना दाखवला. कडेला एक कुरडई चिकटलेली होती, ती त्यांनी नखानं काढून खाल्ली. तारे मोजत मोजत त्यांचं बोट ओळीवरून फिरत गेलं. म्हणाले, “रुसली नव्हती वं माय.” ते मला म्हणाले की मशीनला, ते कळलं नाही.

साहेबांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. हा कागद दाखवायचा म्हणजे आम्ही एप्रिलमध्ये बसून मार्च केला हे कबूल करायचं. त्यांनी आम्हा दोघांना समजावलं की एसी बिघडला होता म्हणून सांगू. भाऊंनी मार्चचा कागद उचलून आपल्या कपाटात ठेवला, त्यावरूनच मी समजले.

मुंबईचे अधिकारी आले. त्यांनी एप्रिलचा कोरा कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं की ही मशीन एवढे दिवस काय करत होती. साहेब एसीचं बोलायला लागले. भाऊंनी मार्चचा कागद त्यावर पसरला. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, ती लांबलचक ओळ बघितली आणि विचारलं, एका दिवसाला इतके तास कसे.

भाऊ म्हणाले, “साहेब, आमच्याकडे एकतीस मार्च अकरा दिवस चालली. तुमच्याकडे किती दिवस चालते?”

अधिकारी हिशेबखात्यातूनच वर चढलेले होते. त्यांनी मागचे चिकाचे डाग बघत कागदाची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि मला विचारलं, कुरड्या तुमच्याकडच्या आहेत का. मी हो म्हटलं. चहा झाला, पुण्याचा विषय निघाला नाही. मशीन राहिली.

भाऊ राहिले नाहीत. आठवड्याभरात त्यांच्या बदलीचा हुकूम आला, चंद्रपूरला. हुकमावर तारीख होती अधिकारी येण्याच्या तीन दिवस आधीची, म्हणजे बैठकीशी त्याचा संबंध नाही असं दिसावं. हेडक्लार्क बडेबाबू म्हणाले, पोच देताना तीच तारीख टाका. भाऊंनी खिशातलं पेन काढलं आणि सहीखाली त्या दिवसाची खरी तारीख टाकली, दोनदा गिरवून. बडेबाबू म्हणाले की तुमचा महिना उरला, शेवटी कशाला अडता. भाऊ म्हणाले, “पुढचे दोन मास्तरनं खाल्ले, गा.”

खरंच, एक जुलैच्या जन्मामुळे ते तीस जूनला निवृत्त झाले. चंद्रपूरला निरोपाच्या सभेत त्यांनी हार घातला नाही, हातात घेतला, असं कळलं. पोळ्याला त्यांचं पोस्टकार्ड आलं, उद्या अठ्ठावन्न पूर्ण होतात, आता हरकत नाही. बस एवढंच.

चंद्रपूरला जायच्या आदल्या दिवशी ते मशीन रूममध्ये आले होते. मी त्यांच्याकडून बटणं समजून घेत होते, कारण पुढे ते काम माझ्याकडे आलं. बायका वाद घालत नाहीत असा साहेबांचा समज आहे, ते घरी एकटे राहतात. भाऊंनी सगळं दाखवलं आणि मग मशीनच्या कपाटावर हात ठेवून म्हणाले, “बाई, हिले आपल्याशिवाय कोणी नाही सांगणारं. आपण सांगतो, ते ही बिचारी मानून राहिली.”

तर त्या ३१ मार्चच्या रात्री नव्या ताट्या बसल्या. पाणी सोडलं, घरभर खसाचा वास सुटला. नवऱ्यानं विचारलं की साहेबांना काय म्हणालीस. मी सांगितलं, ‘बघू’ एवढंच म्हटलं. गावाकडे परतलेल्या भाऊंच्या भिंतीवरचं पान अजून एकतीसचंच असणार, सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला चपला बाहेर काढल्या, आत गेले, बटण दाबलं. मशीननं तारीख विचारली. मी एक एप्रिल टाकली आणि हात न धुताच चहाला गेले.