बाबांना मी कॅप्टन केलं

माझ्या लग्नाच्या बायोडेटात लिहिलं होतं, 'वडील : मर्चंट नेव्ही, निवृत्त.' त्यात खोटं काही नव्हतं. बाबा सव्वीस वर्षं बोटीवर होते, कुक म्हणून. दापोलीकडच्या आमच्या गावात बोटीवर असणं हाच मान. तिथे काय करता, हे कोणी खोदून विचारत नाही. बायोडेटात मात्र तो एक शब्द मी गाळला; बायकोला तो लग्नानंतर कळला. पुढे अमेरिकेत ट्रॉयला आल्यावर तिथल्या मराठी मंडळातल्या एकानं विचारलं, "म्हणजे काका कॅप्टन होते?" तेव्हा मी नुसता हसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन महिन्यांत सगळे बाबांना न बघताच 'कॅप्टन काका' म्हणायला लागले.

मागच्या एप्रिलमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी आले.

आमच्या शेजारी एक डच म्हातारा राहतो. गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, एकटा, माणूसघाणा. निदान मी तरी त्याला माणूसघाणा ठरवून टाकलं होतं. बाबा आले त्याच्या तिसऱ्या दिवशी तो अर्धा लाल, अर्धा पांढरा टी-शर्ट घालून कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत होता. बाबा पोर्चमधून ओरडले, "रॉटरडॅम!" म्हाताऱ्यानं डबा तिथेच सोडला आणि हिरवळ तुडवत आमच्याकडे आला.

तो त्या बंदरातच जन्मलेला. नदीच्या दक्षिणेला गोदीकामगारांची वस्ती, आणि तिथल्या फुटबॉल क्लबचा तो शर्ट. बाबांची बोट एकदा दुरुस्तीसाठी रॉटरडॅमला तीन आठवडे अडकली होती. गोदीवरची माणसं बाबांच्या हातचं जेवायला बोटीवर यायची, आणि एका रविवारी त्यांनीच बाबांना मॅचला नेलं. स्टेडियमला तिथले लोक टब म्हणतात. हे सगळं ऐकून ऐकून लहानपणीच माझे कान किटले होते. म्हातारा मात्र बाबांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. बाबांचं इंग्रजी बोटीवरचं, तोडकंमोडकं. "आय कुक," ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "फॉर्टी मॅन, एव्हरी डे हॉट फूड." इतक्या अभिमानानं मी माझी नोकरी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मे महिन्यात आम्ही मंडळातल्या तीन जोडप्यांना बाबांना भेटायला बोलावलं, रविवारी सकाळी. नेमकी त्याच वेळी म्हाताऱ्याच्या क्लबची मॅच होती.

"त्यालाही बोलव," बाबा म्हणाले. "मॅच जोडीनं बघू."

एका खोलीत सहा जण कॅप्टन म्हणणार आणि एक जण कुक. मी बाबांना हो म्हणालो, त्याला बोलावलंही, आणि शनिवारी म्हाताऱ्याला मेसेज केला, की बाबांना ताप आहे, उद्याचं कॅन्सल करूया. बाबांना सांगितलं, त्याला जमत नाहीये. पाहुण्यांना खरं कळलं असतं तर कोणी हसलंही नसतं बहुतेक. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रविवारी पाहुणे आले आणि 'कॅप्टन काका, कॅप्टन काका' सुरू झालं. बाबांना आधी थट्टा वाटली. तेही हसले. मग एकानं विचारलं, "काका, एवढी मोठी शिप कमांड करायची म्हणजे टेन्शन येत असेल ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांच्या बशीत बघितलं.

"येतं थोडं," ते म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात म्हातारा, हातात झाकलेलं पातेलं. तापाच्या माणसासाठी त्यानं वाटाण्याचं सूप करून आणलं होतं. घरभर माणसं, टीव्हीवर त्याचाच क्लब, आणि सोफ्यावर बाबा ठणठणीत. तरी त्यानं विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

"यू नो अवर कॅप्टन काका?" एक पाहुणी कौतुकानं म्हणाली.

"कॅप्टन?"

बाबा उठून त्याच्याजवळ गेले. त्यांना करून खायला घालायचं माहीत होतं, खोटं बोलायची सवय नव्हती. मान खाली घालून म्हणाले, "येस. आय कॅप्टन."

म्हाताऱ्यानं पातेलं माझ्या हातात दिलं, बाबांना सलाम केला आणि निघून गेला. त्या सलामात टिंगल नव्हती, म्हणून तर तो जास्त लागला.

बाबांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटत होतीच. पण सगळे गेल्यावर, कोणाला काही कळलं नाही म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, त्याची लाज आज जास्त वाटते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पोर्चमध्ये बसेनासे झाले. म्हातारा दोनदा बाहेर रेंगाळून आत गेला. गुरुवारी बाबांनी मला बांगडे आणायला सांगितले. कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, अशी आमच्याकडची रीत. गावाहून आणलेली तिरफळं घालून त्यांनी कालवण केलं आणि ते पातेलं काठोकाठ भरलं.

"तू नेऊन दे," ते म्हणाले. "आणि मी केलंय असं सांगू नको. कॅप्टन कुठे कालवण करतो?"

मी शेजारी गेलो. म्हाताऱ्यानं झाकण उचललं, वास घेतला आणि आमच्या घराकडे बघत विचारलं, "कोणी केलं?"

खरं बोलायला याहून सोपी जागा मला मिळाली नसती. विचारणाऱ्याला उत्तर माहीत होतं.

"बायकोनं," मी म्हणालो.