बाच्या जबड्याचा डावा कल

माझ्या बाचा खालचा जबडा डावीकडे सरकलेला होता. समोरून पाहिलं तर हनुवटी डाव्या खांद्याला काहीतरी गुपित सांगायला निघालीय असं वाटायचं. आम्ही ढिवर. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात तलाव मोठा, आणि जाळं फेकावं तर बानंच, असं सगळे म्हणायचे. फेकायच्या जाळ्याची रीत अशी, की दोरी मनगटाला, अर्धं जाळं खांद्यावर आणि शिशाच्या गोळ्या ओवलेला काठ दातांत. अंगाला झोका देऊन फेकायचं आणि नेमक्या क्षणी दात सोडायचे. बा काठ कायम डाव्या दाढेत धरायचा. दहाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत भिजलेल्या जाळ्याचा ओढा एकाच बाजूला. त्या बाजूचा जबडा खोडासारखा जाड झाला आणि हनुवटी हळूहळू तिकडे राहायला गेली. सुपारी तो अशी फोडायचा की अंगणातलं कुत्रं उठून बसायचं.

मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो आणि मला या जबड्याची लाज वाटायला लागली. एवढं एक वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली. आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. धानोऱ्याकडची एक मुलगी मला सांगून आली होती. त्याच सुमारास बाची एक दाढ ठणकायला लागली. वडशावरून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं मी त्याला चांद्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तपासून झाल्यावर बा बाहेर बाकावर गाल धरून बसला आणि डॉक्टरांनी मला आत थांबवून सांगितलं, "एकच दाढ किडलीय, ती काढू. बाकीच्यांना हात लावू नका, घोड्यासारखे दात आहेत. दात आहेत तोवर चावण्याचा भार हाडापर्यंत पोचतो. दात गेले की खालचं हाड झिजत जातं. आणि जबडा वाकडा आहे तर असू द्या, त्याचं काही अडलंय का?"

त्याचं काहीच अडलं नव्हतं. माझं अडलं होतं.

मी बाहेर आलो. बानं विचारलं, "का म्हणते डॉक्टर?"

"सगळे काढा लागते म्हणते. कवळी बसवली का जबडा सरळ होते."

"सगळे? दुखून तर एकच राह्यली."

"बाकीच्याबी दुखतीन म्हणते."

बानं गालावरचा हात काढला. मग म्हणाला, "तू शिकला हायेस. तुले समजते." आणि उठला.

त्या डॉक्टरांच्या दारात मी त्याला पुन्हा नेलं नाही. बाजारातल्या एका कवळीवाल्याकडे नेलं. तो दात काढताना कुणाला काही विचारत नसे. चार फेऱ्यांत बाचं तोंड रिकामं झालं आणि दिवाळीनंतर कवळी आली.

जबडा खरंच सरळ दिसायला लागला. आई म्हणाली, "हा कोनाचा मानूस आनलास घरात? माह्या नवऱ्याले कुठी ठेवलं?" बा हसला की वरचे-खालचे सगळे दात एकदम हजर. बोलताना मात्र ते थोडे मागून यायचे.

माघात मुलीचे वडील घर पाहायला आले. तेही जाळंवाले, आणि त्यांचा जबडा बाच्या जुन्या जबड्यापेक्षा बोटभर जास्तच वाकडा. ओसरीवर बसून ते पाणी प्यायले आणि बाच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले.

"भाऊ, जाळं तुमीच फेकता?"

"मंग का शेजारी फेकते?"

"तोंडावरून वाटून नाई राह्यलं. तोंड तं पटवाऱ्यावानी सरळ हाय. आमाले सांगतलं का तलावावरचं घर हाय म्हनून. फसवाफसवी तं नाई ना?"

आईनं पदर तोंडात कोंबला. बा ताडकन उठला. "चाला तलावावर!"

"बा, थंडी हाय, राहू दे," मी म्हणालो.

"तू चूप."

पाण्यात गुडघाभर उतरून बानं जाळं खांद्यावर घेतलं, काठ नव्या दातांत धरला आणि झोका दिला. जाळं सुरेख उघडलं, परातीसारखं गोल. त्या परातीच्या काठाला चावून बसलेली खालची कवळी तलावावरून ऐटीत उडत गेली आणि बुडाली. वरची बाच्या पायाशी पडली.

पाहुणे बाच्या तोंडाकडे पाहत होते. दात जाताच जबडा मुकाट्यानं आपल्या घरी, डावीकडे निघून गेला होता.

"हां!" पाहुण्यांचा चेहरा उजळला. "आता वळखलं, भाऊ. हे तोंड जाळ्याचंच हाय." मग ते स्वतः पाण्यात शिरले आणि जाळं ओढून त्यांनी मूठभर झिंग्यांसोबत कवळी बाहेर काढली. सोयरीक तिथंच ठरली.

गाव महिनाभर हसलं. मीही हसलो. पण बाला त्यानंतर जाळं फेकता आलं नाही. कवळीत काठ टिकेना, हिरड्यांत धरवेना. तलावाकडे पाठ करून तो जाळी विणत बसू लागला. जबड्याचं हाड वर्षागणिक आटत गेलं, तशी प्रत्येक कवळी ढिली होत गेली.

मागच्या वर्षी चौथ्या कवळीसाठी त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं. "हाड पार बसलंय. सगळे दात काढायला कुणी सांगितलं होतं?"

"चांद्याच्या डॉक्टरनं," बा म्हणाला.

मग ते डॉक्टर दहा मिनिटं त्या चांद्याच्या बिचाऱ्या माणसाचा उद्धार करत होते. मी मान डोलावत होतो. मध्येच "काही काही असतातच असे" असंही म्हणालो.

ते वाक्य मात्र घशाखाली उतरेना. चार दिवसांनी बाजवळ जाऊन बसलो.

"बा, त्या डॉक्टरनं एकच दाढ काढा म्हटलं होतं. बाकीचं माह्या मनचं होतं."

त्याच्या हातातली विणायची सुई थांबली. "काऊन?"

"तोंड वाकडं दिसे. मले लाज वाटे."

त्यानं रागवावं असं मला फार वाटत होतं. तो नुसता हिरड्या चावत राहिला. मग म्हणाला, "तुहे दात हायेत ना?"

"हायेत."

"सगळे?"

"सगळे."

"मंग उद्या सकाळी तलावावर ये."

सकाळी मी, त्रेपन्न वर्षांचा मास्तर, धोतर खोचून पाण्यात उभा राहिलो. ऐंशीचा बा माझ्यामागे उतरला. त्यानं जाळं माझ्या खांद्यावर नीट मांडलं आणि ओला काठ आपल्या हातानं माझ्या उजव्या दाढेत ठेवला.

"एक दिवस इकून धराचं, एक दिवस तिकून," तो म्हणाला. "नाईतं तोंड वाकडं होते, आन् मंग पोराले लाज वाटते."

माझ्या तोंडात जाळं होतं. मी अंगाला झोका दिला आणि दात सोडले.