एकवीस दिवसांत बरे झालेले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका निरोगी माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतक्या आजारांतून बरा झालेला माणूसही सापडणार नाही, असं आम्ही घरात म्हणायचो आणि पोट धरून हसायचो. हसायचो हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात आमच्या हसण्याचाही वाटा आहे.

मामा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळसा विभागात होते. सगळं आयुष्य कोळशाच्या धुळीत काढूनही त्यांचा चेहरा तुपात परतलेल्या शिऱ्यासारखा तुकतुकीत राहिला होता. साठी उलटल्यावरही ते भरलेलं सिलिंडर खांद्यावर टाकून दोन जिने चढत, उसाचं कांडं दातांनी सोलत, आणि सकाळी चौकात तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा खाऊन घरी आल्यावर पुन्हा नाश्त्याला काय आहे म्हणून विचारत. मामी म्हणायच्या, "यायले साधी सर्दी बी होत नाही. माह्या हातचा काढा कसा लागते, हे यायले आजवर मालूम नाही." मामांचं दुःख नेमकं तेच होतं. आजारी माणसाला जो मान मिळतो, येणारेजाणारे उशाशी बसून जी विचारपूस करतात, ती त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही. म्हणून ती भूक ते दुसऱ्यांच्या आजारपणावर भागवायचे. नात्यातलं कोणी दवाखान्यात भरती झालं की सगळ्यात आधी मामा हजर. पायथ्याशी स्टुलावर बसून ते इतक्या बारकाईनं चौकशी करायचे, की दुखणं नेमकं कुठून निघतं आणि कुठे जाऊन थांबतं हे सांगता सांगता पेशंट दमून झोपी जायचा. कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकातही ते मरणाचा प्रवेश असलेलीच भूमिका मागून घेत. मरायला त्यांना इतका वेळ लागायचा की मागच्या रांगेतले लोक चपला शोधू लागत. एका वर्षी लेखकानं कंटाळून त्यांना थेट गोळी घातली, तरी ते दोनदा उठून बोलले.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा होता म्हणून ते नागपूरच्या सदर भागातल्या एका स्टुडिओत गेले, आणि तिथंच त्यांना तो औषधवाला भेटला. बुटीबोरीला त्याची शेड होती, तिथं तेलं आणि चूर्णं बनायची. मामांचा चेहरा पाहून तो म्हणाला, असा बरा झालेला चेहरा मी किती दिवस शोधतो आहे. आधी सांधेदुखीचं तेल आलं. डाव्या फोटोत मामा काठी टेकून वाकलेले, उजव्या फोटोत काठी फेकून हसणारे. मग आलं मूळव्याधीचं मलम, त्यात मामा खुर्चीवर नुसते समाधानानं बसले होते. तो फोटो सगळ्या बसस्टँडांवर लागला आणि मामी महिनाभर कोणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. पैसा हे कारण नव्हतं. औषधवाल्यानं दिलेली शाल आणि नारळ मामांना पुरेसे होते. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुखणं मिळालं होतं, आणि ते ऐकायला माणसंही.

शेवटी आलं शुगरचं चूर्ण. पुडक्यावर मामांचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'जुना मधुमेह एकवीस दिवसांत मुळासकट गेला – एक समाधानी रुग्ण.' गावोगावी शुगर तपासणीची मोफत शिबिरं व्हायची आणि मामा स्टेजवर बसायचे. या आजाराला त्यांनी अख्खा इतिहास दिला होता. तळपायाला कशा मुंग्या येत, जखम कशी भरत नसे, डॉक्टरांनी अंगठा कापायचं कसं सांगितलं होतं. मग ते चप्पल काढून तो अंगठा दाखवायचे. खरं तर त्या अंगठ्यावर नोकरीत असताना लोखंडी पाटी पडली होती. शेवटी सगळ्यांसमोर ते दोन गुलाबजाम खायचे आणि टाळ्या पडायच्या. "जावईबापू," ते मला म्हणाले होते, "आजार असा सांगा लागते का आयकणाऱ्याचेच पाय दुखले पायजे." पुढे पुढे ते घरातही शुगर होती तेव्हाच्या आठवणी सांगू लागले, आणि सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून येत. शिबिरातला त्यांचा व्हिडिओ मी माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. वर हसणारी तोंडं टाकली होती. आमच्यातल्या एकानं त्याच्या आईसाठी चूर्ण कुठे मिळेल म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला दुकानाचा पत्ता दिला.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मामींचा फोन आला. औषध खात्याची माणसं घरी येणार आहेत, जावईबापूंना पाठवून दे, असं त्यांनी बायकोला सांगितलं. मी पोचलो तेव्हा मामा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आदल्या दिवशी औषधवाल्यानं माणसाच्या हाती एक लिफाफा पाठवला होता. त्यात एका लॅबचा जुन्या तारखेचा रिपोर्ट होता, त्यावर मामांचं नाव आणि भली मोठी शुगर. कोणी विचारलं तर हा दाखवा आणि नेहमीची गोष्ट सांगा, बाकी वकील पाहून घेईल, असा निरोप होता. मामांनी रिपोर्ट घडी करून वरच्या खिशात ठेवला होता.

औषध निरीक्षक एक बाई होत्या, वयानं आमच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. सोबत एक लिहून घेणारे गृहस्थ होते. बाईंनी विचारलं, तुम्हाला मधुमेह केव्हापासून होता? मामांनी स्टेजवर सांगायचे तशी सगळी गोष्ट सांगितली. मुंग्या झाल्या, जखम झाली, अंगठाही दाखवून झाला. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही आणि एक अक्षरही लिहून घ्यायला लावलं नाही. मामींनी आणलेला चहा निवत चालला होता. मामा थांबल्यावर बाईंनी फाइलमधून एक तक्रार काढली आणि वाचून दाखवली.

ती सावनेरच्या एका टेलरची होती. त्यांच्या मुलीला लहानपणापासून शुगर होती, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. कॉलेजात शिकत होती. सावनेरच्या शिबिरात टेलरनं पुडक्यावरच्या माणसाला समोर बसलेलं पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर जवळ जाऊन विचारलं, इंजेक्शन बंद केलं तर चालेल का? 'त्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की मी तर पहिल्याच दिवशी बंद केलं,' असं तक्रारीत लिहिलं होतं. इंजेक्शन सुटलं म्हणून मुलीला आनंद झाला. तिनं त्या संध्याकाळी जिलबी खाल्ली. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला. नागपूरच्या दवाखान्यात आणेपर्यंत ती शुद्धीवर नव्हती, आणि नंतर शुद्धीवर आलीच नाही.

"मला तुमच्या आजाराची गोष्ट नको," बाई म्हणाल्या. "ती मी व्हिडिओत पाहिली आहे. तुम्हाला मधुमेह होता की नव्हता, एवढंच सांगा."

मी मामांचा हात दाबला आणि पुटपुटलो की काही बोलू नका, आधी वकिलाला विचारू. तो सल्ला मी दिला होता, हे मला विसरता येत नाही. मामांनी हात सोडवून घेतला. ते मामींना म्हणाले, "माही पावरहाउसची तपासणीची वही आण वं." वीज केंद्रात दरवर्षी कामगारांची तपासणी व्हायची, त्याची ती वही होती. रक्त, लघवी, शुगर, सगळं लिहिलेलं, आणि प्रत्येक पानावर डॉक्टरांची सही. मामांनी ती टेबलावर ठेवली. मग खिशातला रिपोर्ट काढून तिच्या शेजारी ठेवला.

"हे खोटं हाय," ते म्हणाले, "अन् हे खरं हाय. मले कधीच शुगर नोती. त्या टेलरले मी ओळखतो. खांद्यावर हात मीच ठेवला होता."

आता मात्र लिहून घेणाऱ्या गृहस्थांची लेखणी चालू झाली.

त्यानंतर बुटीबोरीच्या शेडवर धाड पडली. मेथी, जांभळाच्या बिया आणि कडुनिंबाचा पाला यांची पोती सील झाली. असे आजार बरे करण्याची जाहिरात करणंच कायद्यानं गुन्हा आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. पेपरात मामांचा हसरा फोटो आला. लोक थुंकतील या भीतीनं मामा पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. पण झालं वेगळंच. नात्यातल्या एका लग्नात तीन जणांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ते चूर्ण आता कुठे मिळते? सरकारनं बंद केलं म्हणजे त्यात दम असणार, इंग्रजी औषधवाल्यांनी दाबलं असणार. मामा प्रत्येकाला सांगत होते की अरे, मी खोटं बोललो, मले काही झालंच नोतं. कोणी मानायला तयार नव्हतं. एकानं डोळा मारून म्हटलं, "समजलं गा, केस चालू हाय, तुमाले असंच बोला लागते." ज्या आवाजानं त्यांनी एवढ्या लोकांना पटवलं होतं, त्याच आवाजात ते खरं सांगत होते. तीन-चार महिन्यांत तसलंच चूर्ण दुसऱ्या नावानं बाजारात आलं. त्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी टवटवीत फोटो होता.

मामा एकदा मला घेऊन सावनेरला गेले. एकाच खोलीत पुढे दुकान, मागे घर. टेलरनं ओळखलं, मशीन थांबवली, स्टूल पुढे सरकवलं. आत एक लहान जुना फ्रीज घरघरत होता. मुलीच्या इन्सुलिनसाठी तो घेतला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. तिच्या आईनं आम्हाला त्यातलंच गार पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. मामा पाणी प्यायले. माफी मागायची म्हणून ते वाटेत काहीतरी जुळवत होते, त्यातलं एक वाक्यही बाहेर आलं नाही.

"तुमाले खरंच कधी शुगर नोती?" टेलरनं विचारलं.

"नोती."

"मंग काहून सांगितलं?"

मामांनी हातातला रिकामा पेला खाली ठेवला. ते म्हणाले, "लोक आयकून राहिले होते, म्हणून."

टेलरनं मान हलवली आणि समोरचं कापड उगाच सारखं केलं. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आम्ही उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले.

केस आता कोर्टात आहे आणि तारखा पडताहेत. मामा साक्षीदार आहेत. आपल्याला आरोपी का केलं नाही, हे त्यांनी सरकारी वकिलांना दोनदा विचारलं. निरीक्षक बाई येतात, टेलर सावनेरहून एसटीनं येतात, औषधवाल्याचा वकील पुढची तारीख मागतो, आणि सगळे परत जातात. कोर्टाच्या व्हरांड्यात मामा आणि टेलर एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात. पहिल्या दोन तारखांना बोलले नाहीत. नंतर पावसाबद्दल, एसटीच्या वेळांबद्दल दोन-चार शब्द होऊ लागले.

मामा आता ओळखू येत नाहीत. अन्न जात नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काहीही निघालं नाही. मामी रोज काढा करतात आणि ते मुकाट्यानं पितात. मागच्या एका तारखेला टेलर बराच वेळ त्यांच्या मानेकडे पाहत होते. मग म्हणाले, "कॉलर लई सैल झाली तुमची. खांदाबी उतरला. शर्ट आणून द्या, मी बारीक करून देतो."

मामा हो म्हणाले. त्याला आता तीन तारखा होऊन गेल्या. दर वेळी टेलर विचारतात, दर वेळी मामा पुढच्या खेपेला नक्की आणतो म्हणतात, आणि दर वेळी तोच ढगळ शर्ट घालून त्यांच्या शेजारी जाऊन बसतात.