नारू मेहेरच्या डिझेलात काय असतं

चिंचणीच्या नारू मेहेरबद्दल दोन गोष्टी तलासरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे मच्छीमाराच्या पोटी जन्मून त्याला बोट लागायची. आणि दुसरी म्हणजे तो आपल्या पिकअपच्या टाकीत डिझेलाशिवाय थेंबभरही दुसरं काही घालायचा नाही.

पहिल्या गोष्टीचं त्याला वाईट वाटायचं. बाप धाकल्या, बोट हाकणारा नावाजलेला तांडेल. त्याने सोळाव्या वर्षी पोराला बोटीवर नेलं, तर खाडीचं तोंड ओलांडायच्या आत पोरगं काठावर ओणवं. सवय होईल, म्हणाले लोक. लिंबू झालं, आलं झालं, एका म्हातारीने कंबरेला काळा दोरा बांधून पाहिला. तीन हंगाम गेले. सवय झाली ती बाकीच्या खलाशांना, नारूच्या ओकण्याची.

त्या तीन हंगामांत तो इंजिनाशेजारी बसायचा, कारण तिथून समुद्र दिसत नसे. बापाने मग त्याला निदान इंजिन तरी शिकवलं. बोटीवरच्या डिझेलात पाणी शिरतंच. तेव्हा फिल्टरखालची चावी सैल करायची, आधी पाणी येईल ते वाहू द्यायचं, निखळ डिझेल आलं की आवळायची. रोज. सणालासुद्धा. “रस्त्यात गाडी बंद पडली तर धक्का मारायला चार माणसं मिळतात,” बाप म्हणायचा, “दर्यात कोणाला हाक मारशील?”

शेवटी नारू जमिनीवर आला, ड्रायव्हर झाला, आणि कालांतराने त्याची स्वतःची पिकअप झाली. चिंचणीहून सुकी मासळी भरायची, डहाणू, रानशेत, चारोटी करत तलासरीचा बाजार गाठायचा. त्याच्या शेजारच्या सीटवर बायको जयश्री. सुके बोंबील, करंदी, जवळा विकायचं काम तिचं. ती झाईची, म्हणजे गुजरातच्या अगदी वेशीवरची. गिऱ्हाईक मराठी असो, गुजराती असो की वारली, ती त्याच्याच बोलीत त्याला दोन टोपल्या जास्त घ्यायला लावायची. नारूचं म्हणणं असं, की गाडी तो चालवतो आणि बाकी सगळं ती. हे तो कौतुकाने म्हणायचा, पण किती खरं आहे ते त्याला पुढे कळायचं होतं.

आता दुसरी गोष्ट.

तलासरीत हायवेलगत पिकअपवाले रांगेने उभे राहतात. तिथे राजकारणावर भांडण होत नाही, डिझेलावर होतं. कोणी टाकीत टू-स्ट्रोकचं ऑइल झाकणभर घालतो, कोणी घासलेट, कोणी कापराच्या वड्या. रानशेतच्या रघ्याने नव्या गाड्यांत धूर कमी करायला वेगळ्या टाकीत घालतात त्या युरियाचा डबा डिझेलच्या टाकीत ओतला होता, पण ते औषध म्हणून नव्हे, चुकून. तरी महिनाभर तो सांगत होता, की सुरुवातीला गाडीचा वेग चांगला वाढला होता.

नारू हे सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “माणसाला भूक लागली तर भात द्यावा. भाताला कशाला टॉनिक पाजता?”

हे वाक्य त्याने हजार वेळा म्हटलं असेल आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण एकदा ते त्याने जिग्नेशच्या दुकानात म्हटलं.

जिग्नेश जयश्रीचा धाकटा भाऊ. त्याने तलासरीत स्पेअर पार्टचं दुकान टाकलं तेव्हा दुकानाच्या दर्शनी भागात निळ्या बाटल्यांचा मनोरा रचला होता. ‘दमदार प्लस’. टाकी भरताना एक झाकण घाला, इंजिन साफ, धूर कमी, ॲव्हरेज जास्त. उद्घाटनाला पन्नासएक माणसं होती. जिग्नेशने मानाने भावोजींच्या हातात पहिली बाटली दिली. नारूने ती उजेडात धरली, बूच काढून हुंगली, आणि पेढा खाता खाता म्हणाला, “जिग्नेश, रंग छान दिलाय घासलेटला.”

माणसं हसली. जिग्नेशही हसला, पण त्या दिवाळीला तो भाऊबीजेला आला नाही.

जयश्री भाऊबीजेचं ताट घेऊन स्वतःच तलासरीला गेली, दुकानात गल्ल्यापुढे भावाला ओवाळलं आणि येताना बाटल्यांचं एक खोकं विकत घेऊन आली. नारूला सांगितलं, “बोटवाल्यांना विकीन.” नारूने खांदे उडवले. बोटवाल्यांनी काय ओतावं हा त्यांचा प्रश्न. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी एक खोकं चिंचणीला यायला लागलं. जिग्नेश कंपनीला अभिमानाने सांगायचा, की किनाऱ्यावरसुद्धा आपल्या मालाला मागणी आहे.

अशी तीन वर्षं गेली. मग यंदाच्या फेब्रुवारीत कंपनीने तलासरीत पिकअपवाल्यांचा मेळावा घेतला. मंडप, वडापाव, मोफत टोपी. वापीहून एक साहेब आला, सोबत धूर मोजायचं यंत्र. नळी सायलेन्सरात घालायची, ड्रायव्हरने रेस द्यायची, आणि आकडा पडद्यावर. बाटली वापरणाऱ्यांच्या गाड्या आधी, न वापरणाऱ्यांच्या नंतर, म्हणजे फरक डोळ्यांना दिसावा.

नारूला यायची काही गरज नव्हती. बाजाराचा दिवस होता, टोपल्या उतरवायच्या होत्या. पण तो गाडी सरळ मंडपापाशी घेऊन आला. जयश्री म्हणाली, “अहो, कशाला?” तो म्हणाला, “टोपी घेऊन येतो.”

बाटलीवाल्यांच्या गाड्यांचे आकडे तसे बरे आले, काहींचे तसे बरे नाही आले. रघ्याच्या गाडीने नळीतून एवढा काळा लोट सोडला, की साहेबाने रुमाल काढला. “एका झाकणाऐवजी दोन झाकणं घाल,” जिग्नेश त्याला म्हणाला. मग न वापरणाऱ्यांत नारूची पिकअप पुढे आली. अकरा वर्षांची, दारं गंजलेली, मागून बोंबलांचा वास. साहेबाने नळी घातली. नारूने रेस दिली. पडद्यावर आकडा आला तो दिवसभरातला सगळ्यात कमी.

साहेबाने यंत्र बंद करून परत चालू केलं. पुन्हा तोच आकडा.

मग मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि सगळा मंडप हसायला लागला. नारू खिडकीतून बाहेर वाकला. त्याला आयुष्यात कधी नव्हता मिळाला तेवढा मोठा श्रोतृवर्ग समोर होता.

“काका, तमे शुं नाखो छो?” साहेबाने विचारलं. टाकीत काय घालता, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

“डिझेल,” नारू म्हणाला.

जिग्नेश टेबलाशी उभा होता. त्याच्या हातात वाटायच्या टोप्या होत्या, आणि तो त्या एकात एक घालत होता, परत काढत होता, परत घालत होता. नारूने ते पाहिलं नाही. जयश्रीने पाहिलं. ती दार उघडून खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, “साहेब, त्यांना काही माहीत नाही. मी घालते.”

“काय घालता?”

“ही निळी बाटली. पंपावर ते चहाला गेले की झाकणभर. तीन वर्षं झाली. जिग्नेशला विचारा, किती खोकी नेली मी.”

जिग्नेशने तोंड उघडलं, मिटलं, आणि मान डोलावली. खोकी त्याला पाठ होती.

त्यानंतर हसण्याचा जो आवाज झाला तो आधीच्या दुप्पट होता, फक्त त्याची दिशा बदलली होती. साहेबाला तर हर्षवायू व्हायचा बाकी. बाटलीला शिव्या देणारा माणूस, आणि बाटलीच्याच जोरावर त्याची गाडी तीन लाख चाळीस हजार किलोमीटरला पोचली! त्याने नारूला खाली उतरवलं, गळ्यात हार घातला, हातात बाटली दिली आणि फोटो काढला. आठवड्याच्या आत तो फोटो हायवेवर जिग्नेशच्या दुकानावर लागला. दहा फूट रुंद फलक. ‘आधी शंका, आता खात्री!’ खाली नारू, ताप मोजायला बसवलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

चार दिवस तो बायकोशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुपारी अंगणात ती बोंबील परतत होती, तेव्हा तो समोर येऊन बसला.

“खरं सांग. किती घातलंस?”

“एकदा,” जयश्री म्हणाली.

“म्हणजे?”

“पहिल्या खोक्यातलं एक झाकण. त्याचा वास असा डोक्यात गेला, म्हटलं इंजिनाचं काही झालं तर धंदा सोडून घरात बसावं लागेल. परत नाही घातलं.”

“आणि बाकीच्या बाटल्या?”

तिने सुक्या मासळीच्या खोलीकडे मान वळवली. नारू उठून गेला. टोपल्यांच्या मागे, गोणपाटाखाली, खोकी एकावर एक रचलेली होती, छतापर्यंत. त्याने गोणपाट परत नीट ओढलं.

“मग भर मंडपात खोटं का बोललीस?” त्याने बाहेर येऊन विचारलं.

“तुमचं इंजिन सगळ्यांनी बघितलं,” ती बोंबील उलटवत म्हणाली. “माझ्या भावाचं तोंड कोणी बघितलं?”

नारू हायवेवर जाऊन खरं सांगू शकला असता, पण मग बायको खोटी ठरली असती, मेहुणा उघडा पडला असता, आणि लोकांनी तरीही विश्वास ठेवला नसता. फलकावर त्याचाच फोटो होता.

मग लोक विचारायला येऊ लागले. पहिला आला रघ्या. “नारूदादा, किती घालतोस? मी दोन झाकणं घालतो, तरी धूर जात नाही.”

नारूने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. खरंही बोलता येत नव्हतं. तो जरा विचार करून म्हणाला, “बाटलीचं नंतर बघू. आधी फिल्टरखालची चावी उघड.”

“कुठली चावी?”

नारूने गाडीखाली शिरून दाखवलं. रघ्याच्या फिल्टरमधून पेलाभर पाणी निघालं, पाठोपाठ चहासारखा गाळ. एअर फिल्टर काढला तर त्यात पाखराचं पीस. “हे दर शनिवारी करायचं,” नारू म्हणाला, “फिल्टर वेळेवर बदलायचा, आणि डिझेल चांगल्या पंपावरचं घ्यायचं. एवढं केलं तरच.”

“तरच बाटली लागू पडते?”

नारूने तोंडावरचं डिझेल पुसलं. “एवढं केलं तर काम होतं,” तो म्हणाला.

दोन महिन्यांत रांगेतल्या निम्म्या गाड्यांचा धूर गेला. पिकअपवाले शनिवारी चाव्या उघडून पाणी काढू लागले, आणि मग न चुकता झाकणभर ‘दमदार प्लस’ घालू लागले. पाणी काढणं हे बाटलीचं पथ्य आहे अशी त्यांची समजूत झाली. पथ्य पाळलं तर औषध लागू पडतं, हे तर घरची म्हातारीसुद्धा सांगते. बाटलीचा खप तिप्पट झाला. साहेब वापीहून पेढे घेऊन आला.

जिग्नेशला जयश्रीने खोलीतली खोकी कधी दाखवली नाहीत. यंदा तो भाऊबीजेची वाट न पाहता सणासुदीशिवायच चिंचणीला आला, सगळ्यांसाठी कपडे घेऊन, आणि जेवताना भावोजींच्या पाया पडला. “भावोजी, तुमच्यामुळे दुकान उभं राहिलं,” म्हणाला. नारूने ताटातला बोंबील इकडचा तिकडे केला. जिग्नेशचा त्या बाटलीवर खरोखरचा विश्वास होता. तो स्वतःच्या मोटारसायकलीतसुद्धा ती घालायचा, जी पेट्रोलवर चालते.

मागच्या बुधवारी जयश्री झाईला गेली होती. नारू एकटाच माल घेऊन निघाला. पंपावर टाकी भरल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, सीटखाली पडलेली ती फोटोतली बाटली काढली आणि एक झाकण ओतलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तीन लाख चाळीस हजार किलोमीटरचा दाखला त्याच्या नावावर होता, निदान आपल्या हातचं एक झाकण तरी खरं असावं असं वाटलं असेल.

ॲव्हरेज होता तेवढाच राहिला. पण रानशेतच्या चढावर त्याला वाटलं, गाडी आज जरा हलकी ओढतेय. त्याने गिअर न बदलता चढ पार केला. वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, जयश्री नसल्याने टोपल्या निम्म्याच भरल्यात, आणि शेजारची सीट रिकामी आहे.

तरी उताराला लागताना त्याने ब्रेकवरचा पाय काढला आणि पुन्हा एकदा कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला.