येळवसची भज्जी आणि साखरेची मशीन

मला दोन आजार आहेत आणि दोन्ही आमचे हे माझ्यापेक्षा मन लावून सांभाळतात. एक साखरेचा, दुसरा मनाचा. साखरेची गोळी ते चारचौघांत ओरडून देतात, मनाची मात्र हळूच मुठीत! (नांदेडच्या आमच्या गल्लीला अजून वाटतं, ती गॅसची आहे.)

मनाच्या आजारात दुखत काहीच नाही, फक्त हवंसं काही वाटत नाही. वर्षभर साडी नको, गप्पा नको, माहेरसुद्धा नको! आणि यंदा मार्गशीर्ष सरत आला, तशी एका सकाळी मला एकदम भज्जी पाहिजे झाली. येळवसची, देवणीजवळच्या माहेरच्या शेतातली, हरभरा-वाटाण्याची, आंबट ताकातली भाजी! (येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, राखणीला कुत्रं उरत नाही.) आई गेल्यापासून मी येळवसला गेलेच नव्हते. तिची इतकी आठवण आली, की भाकरी थापता थापता रडू फुटलं.

मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इच्छा झाली ना? जाऊ द्या त्यांना!"

साखरेचे डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या, पण जेवणाआधी तपासा."

आमचे हे दोघांचंही ऐकणारे! साखरेची मशीन आणि पट्ट्यांची आख्खी डबी पिशवीत घालून निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झालेली, पिकावर आंबील शिंपडून झालेली. वहिनीनं भज्जीच्या भगुन्यावरचं झाकण काढलं आणि तो वास आला! अगदी आईच्या हातचा. मी पत्रावळ ओढली.

"थांब," हे म्हणाले, "आधी बोट."

मशीन बघून माझा थोरला भाऊ पुढं सरकला. "दाजी, आमचं बी बघा की!"

"दादा, पट्ट्या हिच्यापुरत्याच आहेत."

"एकानं काय होतंय? अन् मला कुठं साखर हाय!"

आकडा आला चारशेच्या वर! दादानं मशीन हातात घेऊन हलवून बघितली. "मशीन खोटं बोलून राहिली!" मग वहिनीचं बोट. चारशेच्या वर! तोवर शेजारच्या शेतातले पावणे रांगेत उभे. (फुकट म्हटलं की आमची माणसं टोचूनसुद्धा घेतात.) ज्याचं बघावं त्याचं तेच!

"बोरच्या पाण्यात कायतरी हाय."

"न्हाई वो, ह्यो खताचा गुण!"

"लेकरांचं कसं हुईल वं माय!" म्हणून वहिनीनं गळा काढला आणि झाकण परत भगुन्यावर ठेवलं. कुणीच जेवेना. मग मला कोण वाढणार?

मी भगुन्याकडं बघत बसले. वर्षानं एक गोष्ट हवीशी वाटली, ती हाताशी होती आणि मिळत नव्हती. तेवढ्यात दादानं दुःखाच्या भरात काकवीच्या बरणीत बोट घातलं आणि चाटलं. मी इकडंतिकडं बघितलं, तर सगळ्यांचीच बोटं चिकट! सकाळपासून गुऱ्हाळावरची ताजी काकवी चाटणं चालू होतं.

"अहो, हात धुतले का कुणी?" मी ओरडले. "मशीन काकवीची साखर सांगून राहिली!"

हात धुतले, दादा-वहिनीचं परत बघितलं. दोघंही ठणठणीत! शेवटची पट्टी ह्यांनी माझ्यासाठी दाबून ठेवली होती. मी मोटारीच्या पाण्यावर हात घासून आले, बोट दिलं, आकडा बरा निघाला. हे म्हणाले, "खा आता, बेतानं."

बेतानं काय खाणार? तोवर जीवात जीव आलेल्या माणसांनी भगुनं पार चाटून पुसलं होतं! तळाला जराशी खरवड उरली होती आणि तीही दादा बाजरीच्या उकडलेल्या उंड्यानं निपटत होता.

"ठेव ते! माझं हाय!"

"अगं, तुला साखर हाय ना?"

"आईची भज्जी हाय ती! मला पाहिजे म्हणजे पाहिजे!"

पन्नाशीची बाई मी, भगुनं धरून ओढून राहिले, ओढता ओढता रडून राहिले. वहिनी म्हणाली, "द्या वो, बहीण हाय तुमची!" आणि आमचे हे? मला आवरायचं सोडून कोपीमागं डॉक्टरीणबाईंना फोन! "मॅडम, भांडून राहिली! जेवणासाठी भांडून राहिली!" एका हातानं डोळे पुसत, दुसऱ्यानं फोन धरून, तिथूनच मला ओरडले, "भांड, भांड! बाई म्हणतात, चांगलं लक्षण हाय!"

आता डॉक्टरांचंच सांगणं म्हटल्यावर मी कशाला मोडू? मी दादाच्या तोंडाजवळ गेलेला उंडासुद्धा हिसकून घेतला!