पिंगळे काकूंना चोरीत नऊ गुण

तुम्ही कधी अख्ख्या सोसायटीला एका दमात चोर, कांदा आणि बळीचा बकरा म्हणून मोकळे झालायत? मी झालेय! तेही छापून, नोटीस बोर्डावर, रविवारी सकाळी आठच्या आत. घ्या, चहा घ्या. फक्त बिस्किट फार वेळ बुडवून ठेवू नका, मध्येच हसायला आलं तर कपात पडेल.

तर माझी कॉलेजातली मैत्रीण मंजिरी अमेरिकेत असते. मागच्या दिवाळीत आली आणि जाताना माझ्या हातात एक खोका देऊन गेली. आत एक बोर्ड, दोन फासे आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. टेबलाशी बसून खेळायचं बेसबॉल!

मी म्हटलं, "अगं, मला शाळेत लगोरीतसुद्धा कोणी घेत नव्हतं."

"यात पळायचं नसतं गं," ती म्हणाली. "संघ आपण बनवायचे, खेळाडू आपण बनवायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि फासे टाकायचे. तू नाशिकहून, मी इकडून, व्हिडिओ कॉलवर. आपली लीग!"

गुण द्यायचे? मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते हो. वीस वर्षं दुसरं करतेय काय? मी अशी काही पेटले म्हणता! शनिवारी दुपारी जेवणाची ताटं तशीच ठेवून बसले. चार संघ काढले. मनमाड मेल, दिंडोरी द्राक्षं, विंचूर कांदे आणि पंचवटी पहिलवान. आहे की नाही झकास? दिंडोरीचा गणवेश हिरवा, विंचूरचा गुलाबी, इथपर्यंत मनात ठरलं!

आता खेळाडू. संघाला नऊ खेळणारे आणि तीन राखीव, म्हणजे बारा. चार संघांचे अठ्ठेचाळीस. मनाने नावं पाडायला बसले, तर विसाव्या नावापासून सगळेच पवार व्हायला लागले. संजय पवार, विजय पवार, अजय पवार. ही काय लीग म्हणायची की भाऊबंदकी?

आणि मग डोक्यात वीज चमकली. आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट. घरटी दोन मोठी माणसं धरा. किती झाली? अठ्ठेचाळीस! हा दैवी संकेत नाही तर काय? मी स्वतःला तेवढं वगळलं, कारण मी पडले लीगची मालकीण. माझ्या जागी आमचे वॉचमन दादा घेतले. एकट्या राहणाऱ्यांच्या जोडीला कुणाची सून, कुणाचा जावई, असं जमवून टाकलं. मंजिरी ओळखते थोडीच कोणाला?

मग गुण. आता बेसबॉलचं थोडं सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. मैदानाला चार कोपरे. पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि चौथं 'घर'. फटका मारायचा, पळत पळत तिन्ही बेस घ्यायचे आणि घरी परत यायचं, की धाव मिळाली. चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून पुढचा बेस गाठला, तर त्याला म्हणतात 'चोरी'. आणि दुसऱ्याला पुढे सरकता यावं म्हणून मुद्दाम बाद व्हायचं, तो 'बळी'.

हे सगळं मला माहीत होतं. सोसायटीला माहीत नव्हतं.

माझ्या शेजारच्या पिंगळे काकू. वय सत्तर, अंगाने काटकुळ्या, देवपूजा कडक. पहाटे सहाला सगळ्यांच्या कुंड्यांमधली जास्वंद अशी खुडतात, की पान हलत नाही. त्यांना मी दिले, चोरी: दहापैकी नऊ.

वरच्या मजल्यावरचे कदम भाऊ. दिंडोरीला द्राक्षबाग, आठवड्यातले पाच दिवस तिकडेच मुक्काम. त्यांना लिहिलं, फटका जबरदस्त, पण घरी परत येण्याची शक्यता कमी. आमच्या सेक्रेटरी देशमुख काकांना टाकलं विंचूर कांद्यात, चेंडू फसवा म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या सय्यद भाभी शिवणकाम करतात, त्यांना पकड दहापैकी दहा. आणि आमचे हे, नितीन? त्यांच्यापुढे लिहिलं, 'बळी देण्यास उत्तम'.

वर ठळक अक्षरात मथळा घातला, 'अंतिम यादी'. बस्स. बेसबॉल हा शब्द अख्ख्या कागदावर कुठेही नाही! कशाला हवा? मला ठाऊक होतंच की!

आमच्या प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून खाली सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर दोन प्रती पाठवल्या. एक आली आणि कागद संपले. लाल दिवा लुकलुकायला लागला. मी म्हटलं, जाऊ दे, एक पुरे. आणि नाचत नाचत घरी आले.

दुसरी प्रत मात्र त्या यंत्राच्या पोटात तशीच बसून राहिली होती.

रविवारी होती सोसायटीची स्वच्छता मोहीम. नऊला सुरुवात. देशमुख काकांनी माणसांचे चार गट पाडले होते. जिना, गच्ची, बाग, पार्किंग. सकाळी सातला ते ऑफिसात आले, प्रिंटरमध्ये कागद भरले, बटण दाबलं. आधी काय बाहेर आलं असेल? काकांचा चष्मा घरी. त्यांना दिसले चार चौकोन आणि खाली नावं. त्यांनी तो कागद घेतला आणि नोटिशीखाली टाचून टाकला. नोटिशीत लिहिलं होतं, 'प्रत्येकाने आपला गट व आपले काम खालील यादीत पाहावे.'

मी तेव्हा पोहे परतत होते. दार वाजलं. उघडलं तर मिसेस कदम, हसून हसून डोळ्यांतून पाणी.

"मृणालताई, बोर्ड वाचलात का? आमच्या ह्यांच्यापुढे लिहिलंय, घरी परत येण्याची शक्यता कमी! सोसायटीलासुद्धा कळलं बाई! मी पंधरा वर्षं हेच सांगतेय!"

माझ्या हातातला झारा थांबला. "कु... कुठला बोर्ड?"

जिन्यावरून मी कशी उतरले ते विचारू नका. खाली निम्मी सोसायटी झाडू-बादल्या घेऊन उभी आणि नुसता कल्ला!

एक जण ओरडत होता, "मनमाड? झाडू मारायला मी मनमाडला जाऊ? गाडीभाडं कोण देणार?"

कदम भाऊ त्या रविवारी नेमके घरी आलेले. ते कागदावर बोट ठेवून म्हणत होते, "दिंडोरीत टाकलं ते बरं केलं, पण हे काय लिवलंय? घरी परत येण्याची शक्यता कमी? आवो, मला काय झालंय? धडधाकट हाय मी!"

देशमुख काकांचा चष्मा एव्हाना आला होता. ते गरजले, "चाळीस वर्षं मी मनमाडला रेल्वेत काढली! चाळीस! आणि मला कांद्यात टाकलं? कोणी केली ही यादी?"

"काका, बोर्डावर तुम्हीच लावलीत ना?" कोणीतरी म्हणालं.

"लावली मी! केली कोणी?"

तेवढ्यात आमचे हे आले. शांतपणे यादी वाचली. माझ्याकडे वळले. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"मृणाल," ते हळूच म्हणाले, "बळी देण्यास उत्तम?"

झालं! ह्यांनी माझं नाव घेतलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडणार, तोच गर्दी बाजूला झाली. समोर पिंगळे काकू. हातात फुलांची परडी, परडीत लालभडक जास्वंदी, त्यातल्या चार माझ्याच कुंडीतल्या.

त्या ओरडल्या असत्या ना, तर परवडलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मृणाल, मी चोर?"

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस ह्या बाईने मला डबा दिला होता. मऊ भात, वरण, वर तुपाची धार. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. आणि मी त्यांना चोर ठरवून नोटीस बोर्डावर चढवलं होतं. वाटलं, आत्ताच्या आत्ता टाकीत उडी मारावी. पण तीही स्वच्छ करायला रिकामी केलेली!

"काकू, थांबा! सगळे थांबा! दोन मिनिटं!"

मी धावत वर गेले आणि तो खोका घेऊन आले. पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटवर बोर्ड मांडला आणि जे काही समजवायला सुरुवात केली! वर्गात इतकं जीव तोडून मी कधी शिकवलं नसेल. हे कोपरे, हे घर, हा फटका. घरी परत यायचं म्हणजे धाव काढायची, कदम भाऊ, तुमच्या तब्येतीचं नाही ते! बळी म्हणजे संघासाठी त्याग, अहो ऐकताय ना, त्याग! आणि काकू, चोरी ही तर कला आहे. समोरच्याचं लक्ष नसताना, आवाज न करता, अलगद पुढे सरकायचं.

"म्हणजे पकडलं नाही तर बक्षीस?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. सगळ्यात हुशार खेळाडूलाच जमतं ते."

काकूंनी परडी खाली ठेवली. यादीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"मग नऊच का? दहा का नाही?"

अहो, असा हशा उसळला! मी तिथल्या तिथे पेन काढून नवाचे दहा केले. आणि तिथेच फसले. कारण लगेच सगळ्यांनीच रांग लावली! बारावीच्या निकालानंतर मुलं पेपर तपासून मागतात ना, अगदी तस्सं. ह्याला वेगात दोन कमी पडलेत, तिला फटक्यात तीन वाढवून हवेत. देशमुख काका तर हटूनच बसले. "मला आधी मनमाड मेलमध्ये घ्या. मग स्वच्छता." घेतलं बाबा! बदल्यात आमचे हे कांद्यात गेले. त्याग हा शब्द ऐकल्यापासून ते जरा निवळले होते, त्यामुळे कुरकुर न करता गेले.

"एक डाव टाका की," कदम भाऊ म्हणाले. "बघू तरी दिंडोरी काय करती."

मी फासे टाकले. दिंडोरी विरुद्ध मनमाड. पहिल्याच फेरीत कदम भाऊंच्या कार्डाने असा फटका मारला, की थेट घरी परत! मिसेस कदम किंचाळल्या, "आले! आले! घरी आले!" भाऊ स्वतःच स्वतःचं अभिनंदन करत फिरायला लागले. "लय भारी! लय भारी गेम हाय हा!" झाडू भिंतीला टेकले, बादल्या उलट्या घालून त्यांवर माणसं बसली. वॉचमन दादा फाटक सोडून आले. सय्यद भाभी प्रत्येक फाशाला "या अल्ला" म्हणत डोळे मिटून घेत होत्या. काकूंच्या कार्डाने दोन बेस चोरले, तर त्यांनी सगळ्यांना एकेक जास्वंद वाटली!

आणि मग कोणाला तरी सुचलं, "स्कूटरवर काय खेळताय? मागे मोकळा प्लॉट आहे ना!"

मी नको नको म्हणत राहिले. ऐकतंय कोण? दहा मिनिटांत चार कोपरे तयार. तीन पायपुसणी आणि घराच्या जागी एक पाट. पिंगळे काकूंनी कपडे धुवायचं धोपाटणं आणलं, ती आमची बॅट. चेंडू टेनिसचा. गोलंदाज देशमुख काका, अंगात पांढरा सदरा, चेहऱ्यावर गाडीला हिरवा बावटा दाखवल्यासारखा रुबाब.

"पहिला फटका मृणाल मॅडमचा!" सगळे ओरडले. "खेळ त्यांचा, लीग त्यांची!"

मी, जिला शाळेत कोणी लगोरीत घेतलं नाही, ती धोपाटणं घेऊन पाटाजवळ उभी! पण खरं सांगू? आयुष्यात इतकी खूश मी कधी झाले नव्हते. काकांनी चेंडू टाकला. मी डोळे मिटले आणि सगळा जीव लावून धोपाटणं फिरवलं.

टण्ण!

बसला की हो! चेंडू उंच, कदम भाऊंच्या डोक्यावरून, पार पलीकडच्या कडुनिंबात! "पळा मॅडम, पळा!" अख्खी सोसायटी ओरडत होती. मी धोपाटणं फेकलं, पदर खोचला आणि सुटले. काय वेग! काय आरडाओरडा! माझ्या नावाने इतकी माणसं ओरडताहेत हे ऐकून अंगात वारंच शिरलं. ओरडा वाढत होता, मी वेग वाढवत होते. समोर पायपुसणं दिसलं, त्याच्या शेजारी सय्यद भाभी. मी शेवटची उडी मारली, दोन्ही पाय पायपुसण्यावर, दोन्ही हात आभाळात!

आणि सगळे डोक्याला हात लावून उभे.

त्याचं काय आहे, इतके दिवस व्हिडिओ कॉलवर मंजिरीकडून नियम शिकताना मी बोर्ड कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवत होते, म्हणजे तिला सुलट दिसेल. मला तो कायम उलटाच दिसायचा. माझ्या लेखी पहिला बेस डाव्या हाताला.

सय्यद भाभी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अदबीने माझा खांद्यावरून सुटलेला पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मॅडम, मेरे यहाँ आये हो तो चाय पिलाऊंगी, लेकिन आप सीधे तिसऱ्या बेसवर आलात!"