हलीमाची इद्दत

हलीमा पिंजारणीला नंदुरबारात सगळे तोंडाळ म्हणत. म्हणोत. प्लेगच्या साली तिने तोंड उघडलं नसतं तर तिची पोर शमा जगली नसती, हे मात्र म्हणणारे सोयीने विसरतात.

त्या हिवाळ्यात घरोघर उंदीर पडू लागले. पहिल्याच झपाट्यात हलीमाचा नवरा शब्बीर काखेत गाठ येऊन गेला. मग दवंडी फिरली, गाव खाली करा, माळावर झोपड्या घाला. लोक दळायची जाती, कोंबड्या, म्हातारीकोतारी घेऊन प्रकाशा गावाच्या रस्त्याला निघाले. हलीमानेही पोरीचे कपडे बांधले, तर धाकटा दीर मेहबूब दारात आडवा.

"भाभी, तुन्ही इद्दत शे. उंबराबाहेर पाय ठेवू नको. लोके काय म्हनतीन?"

नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच बसायचं, ती इद्दत. पण जिवावर बेतलं तर घर सोडायची मुभाही त्याच धर्मात आहे. हलीमाने ते सांगितलं. मेहबूबने कानाआड केलं.

"शमाले तरी लई जा."

"लेकरू मायजोडे ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि बायको नईमाला घेऊन चालता झाला.

रोज दुपारी तो यायचा. लांब काठीच्या टोकाला भाकरीचं फडकं अडकवून ओट्यावर टाकायचा आणि पळायचा. काठी कुठल्या धर्मात सांगितली आहे, ते मला अजून कळलेलं नाही!

हलीमाने चूल अंगणात मांडली. घरभर लिंबाच्या पाल्याचा धूर केला. पिंजायची कमान टांगायच्या आकड्याला झोळी बांधून शमाला तीत निजवलं, म्हणजे उंदीर पोचायचा नाही. आळीत माणूस नव्हतं, म्हणून ती मेहबूबला मोठमोठ्याने शिव्या द्यायची. बरं करायची.

एका सकाळी आढ्यावरून तडफडता उंदीर थेट झोळीत पडला, निजलेल्या शमाच्या कुशीशी. हलीमाने पोर ओढून काढली, झोळी जाळली, चादर पांघरली आणि भर उन्हात माळ गाठला.

"इद्दत मोडी तू!" मेहबूब ओरडला. "मांगे फिर!"

"इद्दत मन्ही शे, पोरनी नही. तुन्हा भाऊनी पोर शे. धर हिले."

तिने शमाला त्याच्यापुढे धरलं. मेहबूब मागे सरला. ती पुढे आली, तो आणखी मागे सरला आणि त्याचा पाय लागून चुलीवरचं पातेलं लवंडलं. सगळा माळ बघत होता.

"आते सांग सगळासले, तुले इद्दतनं भ्याव शे का मन्हं?"

नईमाने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शमाला कडेवर घेतलं, जावेचा हात धरला आणि दोघींना आपल्या झोपडीत नेलं.

उरलेली इद्दत हलीमाने तिथेच काढली. इद्दतीतल्या बाईच्या छपराखाली दिराला जागा नसते, म्हणून धर्म पाळणारा मेहबूब हिवाळाभर बाहेर उघड्यावर कुडकुडत झोपला.